रामा बिन सखाराम अमेरिकेच्या साइटवर कसा सापडेल?

मागच्या अंकात जुन्या कागदांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच गोष्ट होती. परदेशातल्या मुलानं, पुतण्यानं किंवा जावयानं पैसे भरून वंशावळीची साइट घेऊन दिली, आता पुढं काय? ज्यांना उत्तर देऊन काही उपयोग होईल अशी पत्रं निवडली आहेत. नावं गाळली आहेत.

"नमस्कार मॅडम. मी जोडभावी पेठेतला, वय 67. आम्ही पद्मशाली. आजोबा करीमनगरकडून सोलापुरात आले आणि जुन्या मिलमध्ये मागावर होते, एवढंच मला माहीत. मुलगा टेक्सासला असतो. त्यानं एका मोठ्या साइटचं वर्षाचं सभासदत्व घेतलं आणि मला पासवर्ड दिला. दहा महिने रोज जेवण झालं की बसतो. अधूनमधून 'तुमचा पूर्वज सापडला' असा निरोप येतो. उघडलं तर कोणी त्रिनिदादला बोटीतून उतरलेला असतो. आमचे आजोबा कुर्डुवाडीच्या पुढं गेल्याचं ऐकिवात नाही! आता पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापले जातील असा मेल आलाय. चालू ठेवावं का?"

बंद करा. हे वाचून झालं की मुलाला फोन लावा. साइटच्या सेटिंगमध्ये 'आपोआप नूतनीकरण' असतं, ते त्यानं काढायचं. भरलेलं वर्ष संपेपर्यंत साइट बहुधा चालू राहते, म्हणजे तुमचे दोन महिने बुडत नाहीत. मोबाइलच्या ॲप-दुकानातून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन बंद करावं लागतं. नुसतं ॲप उडवलं की झालं असं समजू नका, पैसे कापले जातच राहतात. बाहेर पडण्याआधी भरलेली माहिती 'जेडकॉम' नावाच्या फाइलमध्ये उतरवून घ्या. ती वंशावळीच्या बहुतेक साइटींवर आणि प्रोग्रॅममध्ये उघडते. फोटो मात्र त्यात बहुधा येत नाहीत, ते वेगळे उतरवा.

आता का सापडलं नाही ते सांगते. यात साइटची लबाडी नाही, आपली समजूत चुकते. या साइटी म्हणजे कागदांची कपाटं. त्या कपाटांत प्रामुख्यानं तिकडचे कागद आहेत. अमेरिकेतली 1950 ची जनगणना 72 वर्षांनी, 2022 मध्ये, घरटी नावांसकट खुली झाली. इंग्लंड-वेल्सची 1921 ची त्याच वर्षी आली. शिवाय चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं आणि बोटींच्या उतारूंच्या याद्या. तिकडच्या माणसाला या चार गोष्टींत चार पिढ्या मिळून जातात. आपल्याकडं 1948 च्या जनगणना कायद्यानं घरटी माहिती गोपनीय आहे, म्हणजे त्यांच्या कपाटाचा मोठा कप्पा आपल्यापुरता रिकामाच. मग यंत्र काय करतं? नाव जुळलं की ढकलतं पुढं. तुमच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन भावांनी तीन तऱ्हांनी लावलं असणार, सोलापूरच्या पूर्वभागात, तुमच्या विणकरांच्या वस्तीत, हे घरोघरी आहे. त्यातलं एक जुळलं की झाला त्रिनिदादचा आजोबा.

हसू नका, मीही त्यात फसले आहे. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात एकवीस वर्षं काढलेली बाई मी. निवृत्तीनंतर भाचीच्या आग्रहाला बळी पडून साडेआठ हजार रुपये भरले. पंधरा दिवसांत साइटनं मला 1880 च्या मुंबईतला एक माणूस दिला. आडनाव आमचं, नाव माझ्या खापरपणजोबांचं. गोदीत कारकून! मला इतका आनंद झाला की मी त्याला झाडावर चिकटवला, त्याच्या बायकोमुलांसकट. चार महिने नातेवाइकांना मुंबईच्या गोदीच्या गोष्टी सांगितल्या. भाचीनं तर त्याच्या नावानं केक कापला.

मग एक दिवस मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावचा 1934 चा फेरफार, म्हणजे जमिनीचा खातेदार बदलल्याची नोंद, हातात आला. मोडीत होता. मजकूर जेमतेम पाच ओळींचा. खातेदार रामा बिन सखाराम हा सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. त्यास वारस दोन पुत्र, पैकी धाकटा अज्ञान, अ.पा.क. आई भागिरथी कोम रामा. खाली वर्दी देणाऱ्या थोरल्याचा अंगठा आणि सर्कल इन्स्पेक्टरची 'नोंद मंजूर'.

या पाच ओळी कशा वाचायच्या ते बघा. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, म्हणजे रामाच्या वरची पिढी फुकट मिळाली. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलाला सांभाळणारं माणूस. धाकटा 1934 मध्ये अठराच्या आतला, म्हणजे त्याचा जन्म 1916 नंतरचा. तो माझा आजोबा, आणि त्याची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी ठोकून दिलेली 1 जून 1912! अंगठा आहे, म्हणजे थोरल्याला सही येत नव्हती. सखाराम हाच माझा खापरपणजोबा, आणि त्याचा मुलगा गावी कुणब्याचं खातं धरून बसलेला. गोदीतल्या कारकुनाला मी त्याच संध्याकाळी झाडावरून उतरवला. भाचीला केकचं वाईट वाटलं. या उताऱ्याच्या नकलेला मला जे पडले त्यात कचेरीसमोर दोन कप चहासुद्धा नीट आला नसता. रेकॉर्ड रूमचा शिपाई म्हणाला, "काय मॅडम, रिटायर झाल्यावर बी हितंच?"

आता तुमच्या आजोबांकडं येऊ. जमीन नव्हती, म्हणजे फेरफार नाही. पण तीन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे वडिलांची किंवा थोरल्या चुलत्याची प्राथमिक शाळा. शाळेत जनरल रजिस्टर असतं. दाखला मागू नका, रजिस्टरचा उतारा मागा. त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. आपल्या भागात हद्दीपलीकडच्या सगळ्या मुलखाला जुनी माणसं 'मोगलाई' म्हणायची, त्यामुळे रकान्यात कधी नुसतं 'मोगलाई' लिहून मास्तर मोकळे झालेले असतात. पण एका भावाच्या नोंदीत मोगलाई असेल तर दुसऱ्याच्या नोंदीत गाव सापडतं, म्हणून सगळ्या भावंडांच्या नोंदी काढा. मला माहीत असलेल्या एका घरात चौथ्या भावाच्या नोंदीत गाव निघालं.

दुसरी जागा घरातलीच. जुनी ट्रंक उघडा. 1952 च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्यात कापड गिरण्या सुरुवातीपासून होत्या. आजोबा त्यानंतरही मिलमध्ये असतील तर फंडाचं एखादं पत्र निघेल आणि त्यात वारसाचं नाव-नातं असेल. जुनी मिल 1877 ची, तिच्या आधी 1860 मध्ये इथं रेल्वे आली, आणि 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ मधेच. तुमच्यासारखी कितीतरी घरं या खटाटोपात इकडं आली. आजोबा नेमके कधी आले याचा अंदाज आधी बांधा, मग कुठला कागद असू शकतो ते कळतं.

तिसरी जागा म्हणजे तुमची माणसं. इंटिपेरू (तेलुगूतलं घराण्याचं नाव) आणि गोत्र हे दोन्ही माहीत असेल तर निम्मं काम झालं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा अख्खा पूर्वभाग रस्त्यावर असतो. त्या दिवशी मोबाइल खिशात ठेवा आणि ऐंशीच्या पुढच्या तीन बायकांना विचारा, "तुमच्या सासूचं गाव कुठलं?" पुरुषांना विचारू नका, ते मिलमधल्या संपाच्या गोष्टी सांगत बसतात. गाव हाती लागलं की मग तेलंगणात जायचं. एक लक्षात ठेवा, तिकडं निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत होता, जुना महसुली कागद निघाला तर वाचणारा सोबत लागेल. त्यावर सन फसली, म्हणजे तिकडचं महसुली साल, असेल, त्यात 590 मिळवा म्हणजे साधारण इसवी सन येईल.

"माझ्या सासऱ्यांनी सात पिढ्यांची वंशावळ फ्रेम करून दिवाणखान्यात लावली आहे. त्यात एकही बाई नाही. मला माझ्या पणजीचं, म्हणजे आईच्या आजीचं, माहेर शोधायचं आहे. पैसे भरून असा शोध घेणारी साइट आहे का?" — एक वाचक, बार्शी

मला माहीत असलेली तरी नाही. असती तर मीच पहिली गिऱ्हाईक झाले असते.

तुमचं पत्र वाचून माझ्या भागिरथीची आठवण झाली. पतीच्या मरणानं ती कागदावर आली, नाहीतर आलीच नसती. ती कुठल्या गावची, हे त्या पाच ओळींत नाही. पण एक वाट आहे, आणि ती फार कमी लोकांना सुचते. बाई सासरच्या गावात शोधू नका, तिच्या वडिलांच्या मरणात शोधा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारस नोंदीत मुलींची नावं यायला लागली, आणि ती सासरच्या नावानं येतात: अमुक भ्रतार (म्हणजे नवरा) तमुक, राहणार अमुक गाव. कधी पुढच्याच फेरफारात बहिणीनं भावाला हक्कसोड करून दिलेलं असतं. वाचताना वाईट वाटतं, पण तुमच्या कामाचा सगळा मजकूर त्याच दस्तात असतो.

म्हणजे पणजीची एखादी धाकटी बहीण 1956 नंतर वडिलांची वारस झाली असेल, तर पणजीचं नावही तिच्या शेजारी उभं असेल. अडचण एवढीच की फेरफार गावानिहाय असतात आणि तुम्हाला गावच माहीत नाही. म्हणून आधी अंदाजाची गावं काढा. आईच्या मामांकडची लग्नं कुठल्या गावांत झाली? जुन्या पत्रिका बघा, 'निमंत्रक'मध्ये मामेभाऊ असतात. पणजीच्या भावाची पोरं पणजीच्या नातवाच्या लग्नात आहेर घेऊन आली असणार, आणि आहेराची वही कोणीतरी जपलेली असते. तिच्यात नाव, गाव आणि रुपये, तिन्ही असतात. माझ्या मते आहेराच्या वहीइतका खरा वंशवृक्ष दुसरा नाही.

नाव बदलल्याचंही ध्यानात ठेवा. माहेरची सोना सासरी लक्ष्मी झालेली असते, आणि एकाच घरात तीन लक्ष्म्या असतात.

आईला किंवा मावशीला जात्यावरच्या ओव्या येतात का? माहेरचं गाव, तिथली नदी, भावाचं नाव हे सगळं ओवीत गुंफलेलं असतं. माझ्या आजीच्या एका ओवीत एका ओढ्याचं नाव होतं. तो ओढा शोधत गेल्यावर तिचं माहेर सापडलं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्यातल्या बऱ्याच आता इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतात, काही ऐकताही येतात. गावाचं नाव दिलेलं असतं. तुमची पणजी त्यात असेलच असं नाही, पण तिच्या शेजारच्या गावच्या बाया भेटतील.

सासऱ्यांच्या फ्रेमबद्दल एक सांगू? काच उघडून पेन्सिलीनं नावं घाला. पेन्सिलीनं, म्हणजे चुकलं तर खोडता येतं.

"आमचं कुटुंब ख्रिस्ती. पणजी अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकवायची. आजोबांची आई रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरची मुलगी होती, असं घरात बोलतात. आमच्यासाठी तरी पैसे भरणं योग्य होईल का?" — एक वाचक, सोलापूर

तुमच्यापुरतं, अर्ध्यासाठी हो.

रेल्वेच्या बाजूचं आधी. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि ब्रिटिश काळात इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच 'फाइंडमायपास्ट' या पैसे भरायच्या साइटवर मूळ पानाच्या फोटोसकट दिसतात. त्यांत मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसं आहेत. ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न किंवा बाप्तिस्मा तिथं असायची शक्यता चांगली आहे.

पण वर्षाचं घेऊ नका, एका महिन्याचं घ्या. त्याआधी 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'च्या सूचीत फुकट शोधा, आणि 'फॅमिलीसर्च'वरही. ही साइट अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका चर्चची आहे, खातं फुकट. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्मसुद्धा त्यांनीच केली. फक्त तिथलं झाड सामाईक असतं, तुमच्या आजोबांना कोणीही तिसराच माणूस बायको जोडून देऊ शकतो. तिथं बघा, तिथं लिहू नका.

शोधायची नावं, सालं आणि गावं आधी कागदावर लिहून काढा, मगच पैसे भरा. आणि शोधताना 'सोलापूर' टाकू नका. जुन्या इंग्रजी कागदांत आपलं गाव 'शोलापूर' असं, एच घालून आहे. पुण्याचंही जुनं स्पेलिंग वापरा. माझ्या एका मैत्रिणीचा अख्खा महिना या एका एचपायी वाया गेला.

शाळेत शिकवणाऱ्या पणजीच्या बाजूला मात्र साइटवर पैसे घालू नका. मिशनच्या मराठी मंडळींच्या नोंदी लंडनला जाणाऱ्या नकलांत क्वचितच असतात. चर्चचं मूळ रजिस्टर बघा, पाळकांना भेटून, रविवारी उपासनेनंतर नाही तर मधल्या वारी. बॉस्टनच्या ज्या मंडळाचं हे मिशन होतं त्याचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन लायब्ररीत आहेत. मिशनऱ्यांच्या पत्रांत शाळेतल्या शिक्षिकांचा, घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल-बायांचा उल्लेख येतो, कधी नुसत्या पहिल्या नावानं. तुमच्या पणजीचं पहिलं नाव आणि साल एवढं असलं तरी लायब्ररीला ईमेल करून विचारता येतं.

"एका गृहस्थांनी फोनवर सांगितलं की 11 हजारांत आमच्या घराण्याची राजपुतान्यापर्यंतची रंगीत वंशावळ, राजचिन्हासकट, लॅमिनेट करून देतील. आधार कार्ड आणि आईचं माहेरचं नाव मागितलं आहे. देऊ का?" — एक वाचक, पंढरपूर

नका देऊ. आईचं माहेरचं नाव बँकही ओळख पटवायला विचारते. आणि तुम्ही पंढरपुरात राहता, देवळाजवळ तीर्थोपाध्यांकडं वह्या आहेत, तुमच्या गावाच्या यात्रेकरूंची नोंद कोणाकडं असते ते विचारत जा. नाशकालाही नामावळ्या आहेत, गाव आणि कूळ सांगितलं की पान उघडतात. बाप-आजा येऊन सही करून गेलेला दिसला की राजचिन्हाची गरज वाटत नाही. आपल्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत हेळवी अजून येतात का ते गावच्या पाटलाला विचारा. ते पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची नावं सांगत आले आहेत. त्यांना धान्य द्या, हवं तर पैसेही द्या, आणि मोबाइलवर आवाज टिपून घ्या.

"कुणबी नोंद शोधून देतो म्हणून एजंट साडेतीन हजार मागतो आहे." — एक वाचक, माढा

अशा नोंदी शोधायला 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर गाववार टाकल्या आहेत. बघायला पैसे पडत नाहीत. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. नोंद मोडीत असेल तर वाचून देणाऱ्याला त्याच्या कष्टाचे जरूर द्या, पण शोधाचे नको. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, नीट बघा. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदींत जातीचा रकाना असतो आणि लोक घाईत नुसतं नाव बघून पान उलटतात.

"मेव्हण्यानं लाळेची डीएनए चाचणी करायचं किट पाठवायचं म्हटलंय. करू का?" — एक वाचक, सोलापूर

तिकडचे चुलत-मावस भाऊ शोधायला ती चाचणी चांगली, पण तुमच्याकडचे सगळे चुलत भाऊ विजापूर रोडवर राहतात असं तुम्हीच लिहिलंय. 'ट्वेंटीथ्री अँड मी' या मोठ्या कंपनीच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती 2023 मध्ये चोरीला गेली, आणि मार्च 2025 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, लाळ बदलता येत नाही. मेव्हण्याला म्हणावं, किटऐवजी चांगला स्कॅनर पाठव. तुमच्या आजोबांच्या बाडातली पहिली पन्नास पानं स्कॅन झाली की मला कळवा, मोडी मी वाचून देईन.